काकीची पिवळी साडी

लग्नाला आठवडा असताना माझ्या काकीने केळीचे चार खांब देऊन हेलिकॉप्टरमधली एक जागा मिळवली. एवढा फायद्याचा सौदा आमच्या घराण्यात आजवर कोणी केलेला नाही. आम्ही वसईतल्या उमेळ्याची वाडीवाली माणसं. केळी, पानवेली, सोनचाफा, विहिरीकाठचे माड, बस्स. सौदा म्हटला की आम्हीच बुडणार हे ठरलेलं.

लग्न खाडीकडच्या एका कुटुंबातलं. पूर्वी ते भातशेती करायचे, आता पाण्याचे टँकर आणि बांधकामाचं सामान. पैसा आला तरी माणसं तशीच राहिली, मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची. त्यांची मुलगी चंदनसारला दिली होती आणि नवरदेव हेलिकॉप्टरने येणार होता. चंदनसार ते उमेळे! मध्ये काय ते एक नालासोपारा. पण आमचा ट्रॅफिक बघता हाच शहाणपणाचा मार्ग आहे, असं मुलीचा बाप ज्याला त्याला पटवून देत होता, आणि खरं सांगायचं तर मला पटलंही.

आमच्या वाडीमागे त्यांचं एक शेत अजून मोकळं आहे. हेलिकॉप्टर तिथे उतरणार होतं. मुलीचा बाप खांब मागायला आला तेव्हा काकी सुकेळ्यांच्या मांडवापाशी कावळे हाकत उभी होती. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवतात ती. मधासारखी तपकिरी होतात, चिकट आणि गोड. ती वाळेपर्यंत काकीला घरादाराची शुद्ध नसते.

"काकी, चार खांब पायजेत. चांगले उंच."

"देते. पण मला एक चक्कर मारून आण."

"कसली चक्कर?"

"तुझ्या हेलिकॉप्टरची रे."

तो मोठ्याने हसला आणि मग एकदम थांबला, कारण आपण कोणाशी बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं. शाळेत तो आणि आमचा दादा एका बाकावर बसायचे. छड्याही बरोबरच खायचे.

"बसवतो, काकी. कोनाला पन उतरवीन, तुमाला बसवीन," तो म्हणाला.

दादा म्हणजे काकीचा मुलगा, माझा चुलतभाऊ. सैन्यात हेलिकॉप्टर चालवायचा. बर्फातल्या एका चौकीवरून आजारी जवानाला खाली आणायला निघाला होता, वाटेत हवा फिरली आणि हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याची आठवण सांगायला लागले की ऐकणारे चेहरा पाडून बसतात, आणि मला तर आधी हसूच येतं. रडू नंतर येतं, ते येतंच, पण हसू आधी. तो माणूसच तसा होता, त्याला मी काय करू?

आमच्या गावाला तो काय चालवायचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यांच्या लेखी तो 'विमानवाला'. तो गेल्यावर स्वातंत्र्यदिनाला चौकात त्याचा फ्लेक्स लागला, तर त्याच्या फोटोमागे धूर सोडत जाणारं लढाऊ विमान. काकी शिडी घेऊन निघाली होती. मी आडवी आले नसते तर तिने तो फाडलाच असता. पुढच्या वर्षी मी स्वतः नालासोपाऱ्याच्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "मॅडम, हेलिकॉप्टर में उतना जोश नहीं आता." मी बोलायला फटकळ आहे. मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, पण फ्लेक्सवर हेलिकॉप्टर आलं.

दादाचं काम जोशाचं नव्हतंच मुळी. वरच्या चौक्यांवर रॉकेल न्यायचं, पीठ न्यायचं, टपाल न्यायचं आणि आजारी माणूस खाली आणायचा. "मी टेम्पोवाला आहे गं, फक्त माझा टेम्पो उडतो," असं तो मला म्हणायचा. काकी त्याला दर हंगामात सुकेळी पाठवायची, वाळक्या केळीच्या पानात घट्ट बांधून. ती त्याने एकदा वर नेली. चौकीतल्या पोरांनी पुडकं उघडून बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि एकाने अदबीने विचारलं, "साब, ये मरा कैसे?" दादाने मग स्वतः एक खाऊन दाखवलं. पुढच्या खेपेला तेच जवान रॉकेल उतरवायच्या आधी "वो काला वाला" मागू लागले. हा किस्सा तो इतक्या वेळा सांगायचा की शेवटी आम्ही त्याच्या आधी 'मरा कैसे' म्हणायचो, आणि तरी तोच सगळ्यात जास्त हसायचा.

आता त्या साडीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडलं होतं.

एका वर्षी ऐन सुकेळ्यांच्या दिवसांत दादाचा फोन आला की एक हेलिकॉप्टर मुंबईला पोचवायचं आहे, या आठवड्यात कधीतरी वसईवरून जाईन, नक्की दिवस सांगता येणार नाही. मग एका सकाळी खूप उंचावरून एक हेलिकॉप्टर गेलं. संध्याकाळी त्याचा फोन. "आई, तू दिसलीस! मांडवापाशी उभी होतीस. तेच आपलं हिरवं पातळ! अगं, मी येणार म्हटल्यावर एखादं बरं नेसायचंस की!"

काकीचं हिरवं पातळ जगप्रसिद्ध. केळीच्या चिकाचे डाग जन्मात जात नाहीत, म्हणून वाडीतल्या कामाला तिचं एक पातळ ठरलेलं. तो शाळेत होता तेव्हापासून ते चालू होतं. त्यानंतर दादा घरी आलाच नाही, त्याच पावसाळ्यात गेला. त्यामुळे तो फोन आमच्या घरात देवासारखा झाला. काकी आल्यागेल्याला सांगायची, "जायच्या आधी त्याने मला वरून बघितलं." आणि ती हे सांगायला लागली की काका, म्हणजे तिचा नवरा, डोक्याचा टॉवेल झटकत उठायचे. "वरून काय नाय दिसत. तुझं मन राखायला बोलला तो," असं म्हणून विहिरीकडे चालू पडायचे. मला त्यांचा इतका राग यायचा! बाईच्या हातात एवढी एक गोष्ट उरलीय, तीही हा माणूस ओढून घेतोय. मी त्यांना एकदोनदा तोंडावर बोललेही.

सौदा झाला त्या दुपारी काकीने मला आत बोलावलं आणि कपाटातून एक पिवळी साडी काढली. दादाने पूर्वेकडच्या पोस्टिंगवरून आणलेली, गर्द पिवळी.

(काकी बोलते ते मी जसंच्या तसं लिहिलं तर वसईबाहेरच्या माणसाला दुभाषा लागेल. म्हणून थोडं सोपं करून लिहिते.)

"मी त्या दिवशी हिरवं नेसलेच नव्हते," ती म्हणाली.

"मग काय नेसली होतीस?" मी विचारलं.

"ही नेसले होते. तो बोलला ना, या आठवड्यात येईन? मग मी रोज हीच नेसून मांडवाशी उभी राहायची. केसात चाफा घालून. आनि मेला बोलतो काय, हिरवं पातळ!"

"मग तू त्याला सांगितलं का नाहीस?"

"तो किती खूश होता गं. म्हटलं, घरी आला की सांगेन नि कान पिळेन."

ते राहून गेलं. इतकी वर्षं ही बाई एकटीच तो हिशोब घेऊन बसली होती. त्याने बघितलं की नाही? कदाचित वरून पिवळं हिरवं दिसत असेल. भोवती सगळी केळीची पानं, त्यांचा रंग चढत असेल. तसं असेल तर पोराने जाण्याआधी आईला डोळे भरून बघितलं. तसं नसेल तर नुसतीच थाप.

"मी वर जाते. तू ही नेसून मांडवाशी उभी राहा. काय ते एकदाचं कळू दे," ती म्हणाली.

मी पन्नाशीला आलेली, बँकेत खाली मान घालून काम करणारी बाई. गावात लग्न असताना मी दुसऱ्याच ब्लाउजवर पिवळी साडी नेसून, केसात सोनचाफा खोचून, केळ्यांपाशी उभी राहणार होते. मी लगेच हो म्हटलं.

लग्नाच्या सकाळी शेतात चुन्याचं मोठं वर्तुळ काढलं होतं. हेलिकॉप्टर कंपनीचा माणूस येऊन सगळं बघून गेला, छान आहे म्हणाला आणि नाश्त्याला बसला. त्याच्यापुढे आधी पोहे आले, मग शिरा, मग आग्रह. तेवढ्यात इकडे आमच्या लोकांनी मंगलकार्याच्या हिशोबाने जे करायचं ते केलं. नवरदेव उतरणार ती जागा अशी भुंडी कशी ठेवायची? म्हणून काकीने दिलेले केळीचे चार खांब वर्तुळाच्या चार बाजूंना खड्डे करून पुरले. पुरून घेतले कोणी? काकीने! हेलिकॉप्टरऐवजी विमान छापलं म्हणून जी बाई शिडी घेऊन फ्लेक्स फाडायला निघाली होती, तिने स्वतः उभं राहून, "अजून थोडा आत घ्या, शोभा येते," असं सांगून पुरून घेतले. वर आंब्याची तोरणंही बांधली. मी कुंपणाच्या अलीकडून बघत होते. सांगायला हरकत नाही, मलाही ते शोभूनच दिसलं.

वर्तुळाच्या कडेला पाच सुवासिनी पेटत्या निरांजनांची ताटं घेऊन उभ्या, बँडवाले फेटे बांधून तयार, आणि आभाळात आवाज आला. हेलिकॉप्टर खाली आलं, खाली आलं, आणि थांबलं. मग परत वर गेलं. आतून पायलट जोरजोरात हात हलवत होता. सगळ्या गावाने आनंदाने हात हलवून त्याला उत्तर दिलं. त्याने एक फेरी मारली, पुन्हा खाली आला, पुन्हा हात हलवले. गावाने आणखी जोरात हलवले. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. नवरदेव काचेला नाक लावून बसलेला मला स्पष्ट दिसला, बिचाऱ्याचा मुहूर्त हवेत लोंबकळत होता.

कंपनीचा माणूस शिऱ्याची बशी हातात घेऊन ओरडत धावत आला, "खंबा निकालो! खंबा!" पंखा खांबांना लागेल हा प्रकाश काकीच्या डोक्यात पडला तो तेव्हा. पैठणीचा काचा मारून ती अशी धावली की मला तिच्या गुडघ्यांची आजवरची सगळी औषधं खोटी वाटली. पहिला खांब तिने मिठी मारून उपटला आणि त्याच्यासकट आडवी झाली. बाकीचे पोरांनी काढले. मग हेलिकॉप्टर उतरलं आणि एका फुंकरीत पाची निरांजनं विझली, तोरणं उडाली, सगळ्या बँडचे फेटे सुटून शेतभर पळाले, आणि नवरदेवाच्या अंगावर उधळायला आणलेली फुलं उधळणाऱ्यांच्याच तोंडात गेली. मी हसून हसून कुंपण धरून खाली बसले. दादा हे बघायला हवा होता.

नवरदेव उतरला. पुढची फेरी नवरीची होती, तिच्यासोबत तिचा भाऊ आणि काकी. मुलीचा बाप शब्दाला जागला. काकीच्या पैठणीवर केळीचा चीक पसरला होता, कोपराला माती, तशीच ती चढली. पायलटने स्वतः तिचा पट्टा बांधला. ती त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत होती. नंतर कळलं, ती म्हणत होती की माझा मुलगा असा खालून नव्हता गेला, खूप उंचावरून गेला होता, तेवढं उंच ने.

मी पिवळी साडी सावरत धावत मांडवापाशी आले. मांडव वाडीच्या पुढच्या टोकाला होता म्हणून शेतातला वारा पोचला नव्हता, सुकेळी शाबूत होती. तिथे काका आधीच उभे, डोक्याला नेहमीचा टॉवेल.

"कायतरी नाटकं. काय दिसणार नाय," ते म्हणाले.

"मग तुम्ही इथे कशाला आलात?"

"कावळे हाकायला."

हेलिकॉप्टर वर चढलं, एवढं चढलं की त्याचा आवाजही बारीक झाला. मी मान वर करून हात हलवत होते. शेजारी काहीतरी हललं म्हणून बघते, तर काका मांडवावरचं सुकेळं तोंडात टाकत होते. एक गिळून दुसरं. साखरेचा आजार, डॉक्टरांनी केळ्याकडे बघू नका म्हणून बजावलेलं! सगळं गाव वर बघतंय ही वेळ साधून हा गृहस्थ सुकेळी हाणतोय. मी कमरेवर हात ठेवला आणि जी काय सुरू झाले ती हेलिकॉप्टर परत खाली गेलं तेव्हाच थांबले. हात हलवायचं राहूनच गेलं.

काकी शेत ओलांडून कुंपणाच्या फटीतून आत आली. अंबाडा सुटलेला, डोळे मोठे, चालताना झोक जात होता. मी पुढे होऊन तिला धरलं. काका अजून मांडवापाशीच होते, त्यांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"डोंबल दिसलं!" ती म्हणाली. "मांडव तेवढा चकाकतो, कपाएवढा. मानूस म्हनजे ठिपका. पिवळा नाय, हिरवा नाय. ठिपका!" आणि तिने माझ्या दंडावर चापट मारली. "लबाड! लबाड मेला! मांडव बघितला नि बाकीचं घरचं घातलं!"

ती रडेल म्हणून मी तिला घट्ट धरलं होतं. ती हसत होती. खदखदून, उचक्या लागेपर्यंत. "हिरवं पातळ म्हने! शाळेतून येताना बघायचा तेच सांगितलं गं मला!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतच होती. मग मला रडू आलं, मग हसू, आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून वेड्यासारख्या डुलत राहिलो. मला तेव्हा दादाची आठवण इतकी आली की दुखलं.

काका जवळ आले. "मग? दिसलं काय?" आवाजात तोच टोमणा.

काकीने पदराने तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे बघितलं. "दिसलं ना. ही कमरेवर हात ठेवून तुमच्यावर खेकसत होती. नि सगळे वर बघत होते तेव्हा तुम्ही सुकेळी खाल्लीत. एक नाय, दोन."

काकांचा हात तोंडाकडे गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली, मी एक अक्षर सांगितलं नव्हतं. ठिपक्यापलीकडे काही न दिसलेली काकी आमच्या सवयी ओळखून हे सगळं घरचंच घालत होती.

काकांनी एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा मांडवाकडे. डोक्याचा टॉवेल काढला, उगाच त्याची घडी केली.

"म्हनजे दिसतं," ते म्हणाले.

"दिसतं."

"मी पन होतो त्या दिवशी. विहिरीपाशी. हात केला होता मी त्याला." ते आमच्याकडे बघत नव्हते. "तुझं बोलला फोनवर. माझं काय नाय बोलला."

इतकी वर्षं मी या माणसाला हट्टी समजत होते, आणि तोंडावर बोललेही होते. मला जमिनीत जावंसं वाटलं. काकीची पापणीसुद्धा लवली नाही.

"बोलला तर! मीच मेली सांगायची विसरले. बाबा विहिरीपाशी होते म्हनाला, डोक्याला टॉवेल, दोन्ही हात वर केलेले."

काकांनी थोडा विचार केला.

"एकच हात," ते म्हणाले. "दुसऱ्यात बादली होती."

"वरून दोन वाटले असतील."

"वाटले असतील," काका म्हणाले आणि टॉवेल परत डोक्याला गुंडाळायला लागले. "टॉवेल मात्र होता."